तिसरी कसोटी १९७० साली, चौथी १९९२ साली

माझ्याकडे ऑफस्पिन शिकायला येणाऱ्या एका मुलाने परवा विचारलं, "सर, सचिनला स्वतःच्याच बॉलिंगवर कॅच घेऊन शून्यावर काढणारा पंचेचाळीस वर्षांचा ऑफस्पिनर खरंच होता का? तो आधी दक्षिण आफ्रिकेकडून खेळला होता म्हणे. मग मधली बावीस वर्षं काय करत होता? आणि सात टेस्टमध्ये अठरा विकेट म्हणजे तो चांगला होता की नुसता टिकला होता?"

खरंच होता. नाव जॉन ट्रायकोस. मी स्वतः ऑफस्पिन टाकत मोठा झालो आणि गेली तीसेक वर्षं मुलांना तेच शिकवतो आहे. त्यामुळे या माणसाबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे, हे आधीच सांगून ठेवतो. उत्तर लांबणार आहे.

पूर्ण नाव अथानासिओस जॉन ट्रायकोस. जन्म १७ मे १९४७, इजिप्तमधलं झागाझिग हे गाव, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातलं. आईवडील ग्रीक. इजिप्तमध्ये जन्मलेला हा एकमेव कसोटीपटू. पण म्हणून त्याला 'इजिप्तचा क्रिकेटपटू' म्हणायची जी सवय आहे ती सोडून द्या. तो लहान असतानाच कुटुंब ऱ्होडेशियात आलं, आणि त्याचं क्रिकेट सगळं तिथलं. ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिम्बाब्वे.

इथे एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. ऱ्होडेशिया हा वेगळा प्रदेश होता, वेगळं सरकार होतं, पण क्रिकेटच्या हिशेबात तो दक्षिण आफ्रिकेचा एक प्रांत असल्यासारखा होता. आपल्याकडे रणजी, तशी तिकडे करी कप. ट्रान्सवाल, नाताल, वेस्टर्न प्रॉव्हिन्स यांच्या जोडीला ऱ्होडेशियाचा संघ त्या स्पर्धेत खेळायचा. तिथला खेळाडू निवडला गेला की दक्षिण आफ्रिकेकडून कसोटी खेळायचा. क्षेत्ररक्षणासाठी ज्याचं नाव अजून निघतं तो कॉलिन ब्लँड तिथलाच. ट्रायकोसही त्याच वाटेने आला. म्हणजे 'दोन देशांकडून खेळला' हे कागदावर बरोबर आहे, पण क्रिकेटसाठी त्याने देश बदलला नाही.

पहिली कसोटी दरबानला, ५ फेब्रुवारी १९७० पासून, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. वय बावीस. कर्णधार अली बाकर. त्या कसोटीचं दक्षिण आफ्रिकेचं धावफलक ज्यांनी पाहिलंय ते ते विसरत नाहीत. बॅरी रिचर्ड्स १४०, ग्रॅम पोलॉक २७४. एक डाव आणि १२९ धावांनी विजय. मग जोहान्सबर्गला ३०७ धावांनी, पोर्ट एलिझाबेथला ३२३ धावांनी. मालिका ४-० अशी खिशात. ट्रायकोस यातल्या शेवटच्या तीन कसोटी खेळला आणि त्याला मिळाले एकूण ४ बळी, प्रत्येकी ५१.७५ धावांना.

पोरगं इथेच म्हणालं, "म्हणजे काही खास नाही." थांब बाबा. त्या संघात माईक प्रॉक्टर, पीटर पोलॉक आणि एडी बार्लो ही मंडळी ऑस्ट्रेलियाला फाडून खात होती. अशा संघात ऑफस्पिनरचं काम काय असतं हे क्लब क्रिकेट खेळलेल्या कोणालाही विचार. फास्ट बॉलर दमले की दहा ओव्हर टाकून द्यायच्या, स्लिपशेजारच्या 'गली' या जागेवर उभं राहून कॅच पकडायचे, आणि शेवटच्या नंबरला जाऊन पॅड बांधून बसायचं. ट्रायकोस गलीत फार उत्तम होता. पण तीन कसोटींवरून ऑफस्पिनर जोखायचा नसतो. बाविसाव्या वर्षी तर नाहीच. या कलेला पिकायला वेळ लागतो.

वेळ त्याला नको तितका मिळाला. पोर्ट एलिझाबेथची कसोटी १० मार्च १९७० रोजी संपली आणि दक्षिण आफ्रिकेचं अधिकृत क्रिकेटही संपलं. वर्णद्वेषी राजवटीमुळे १९७० चा इंग्लंड दौरा रद्द झाला, नंतरचा ऑस्ट्रेलिया दौराही. ग्रॅम पोलॉकची कारकीर्द २३ कसोटींवर थांबली, सरासरी ६०.९७. बॅरी रिचर्ड्स चार कसोटींवर, ५०८ धावा. प्रॉक्टर सात कसोटींवर, ४१ बळी, सरासरी १५.०२. त्या संघाबद्दल हळहळणारे लेख ढिगाने सापडतील. मीही तरुणपणी हळहळलो आहे. नंतर एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी मला फटकारलं होतं, की या लोकांना निदान चार, सात, तेवीस तरी मिळाल्या. त्याच देशातल्या काळ्या आणि मिश्रवर्णीय खेळाडूंना एकही मिळाली नाही, त्यांची सरासरी कोण काढणार? बेसिल डॉलिव्हेराला कसोटी खेळायला केपटाउन सोडून इंग्लंडला जावं लागलं होतं. तेव्हापासून मी हळहळताना जरा बेतानेच हळहळतो.

तर १९७० च्या त्या संघातला एकच माणूस पुन्हा कसोटी खेळला. पोलॉक नाही, रिचर्ड्स नाही, प्रॉक्टर नाही. चार बळीवाला ऑफस्पिनर.

आता 'मधली बावीस वर्षं काय करत होता' याकडे येतो, कारण इथेच सगळ्यात जास्त घोळ घातला जातो. लोक लिहितात की तो निवृत्तीतून परत आला. अरे, तो गेलाच कुठे होता? तो बॉलिंग टाकत होता. ऱ्होडेशियाकडून करी कपमध्ये टाकत होता, आणि देशात एकीकडे युद्ध चालू असतानाही टाकत होता. पेशाने वकील होता. कचेरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी टाकत होता. १८ एप्रिल १९८० रोजी झिम्बाब्वे स्वतंत्र झाला, दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धेशी नातं तुटलं, १९८२ साली सॉल्सबरीचं हरारे झालं. संघाच्या टोपीवरचं नाव बदललं. ट्रायकोस आपल्या एंडवरून टाकतच होता.

विक्रमांच्या वहीत मात्र या काळासमोर कोरी जागा आहे: दोन कसोटींमधलं अंतर २२ वर्षं २२२ दिवस. याआधीचा विक्रम इंग्लंडच्या जॉर्ज गनचा होता, १९१२ ते १९३०, म्हणजे १७ वर्षं ३१६ दिवस. ट्रायकोस पहिली कसोटी खेळला तेव्हा तो २२ वर्षं आणि आठ-नऊ महिन्यांचा होता. जवळजवळ तेवढाच काळ पुन्हा जगला तेव्हा चौथी आली.

पण एकदिवसीय क्रिकेटमध्ये तो त्याआधीच आपल्याला भेटला होता, आपण ओळखलं नाही एवढंच.

१९८३ चा विश्वचषक. ९ जून, ट्रेंट ब्रिज. झिम्बाब्वेचा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, समोर ऑस्ट्रेलिया. झिम्बाब्वे १३ धावांनी जिंकला. डंकन फ्लेचरने नाबाद ६९ केल्या आणि चार विकेट काढल्या, त्यामुळे सगळी वाहवा त्याची, आणि ती योग्यच. हाच फ्लेचर पुढे भारताचा प्रशिक्षक झाला. पण त्याच सामन्यातला दुसरा आकडा बघा: ट्रायकोस, १२ षटकं, २ निर्धाव, २७ धावा, बळी नाही. साठ षटकांच्या सामन्यात २४० चा पाठलाग चाललाय आणि एका बाजूने बारा षटकांत फक्त २७ निघतायत. फ्लेचरच्या विकेटांमागे हे दडपण होतं. मुलांना मी हे नेहमी सांगतो, की धावफलकावर विकेटचं श्रेय एकाच्या नावावर लिहितात, पण फलंदाज अनेकदा दुसऱ्याच्या ओव्हरला वैतागून आऊट झालेला असतो.

त्या सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून सर्वाधिक ७६ धावा कोणी केल्या? केप्लर वेसल्सने. जन्माने दक्षिण आफ्रिकेचा, तेव्हा ऑस्ट्रेलियाचा, आणि १९९२ साली पुन्हा दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार. झिम्बाब्वेच्या त्याच १९८३ च्या चमूत ग्रॅम हिक नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. तो पुढे इंग्लंडचा झाला. त्या काळात दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या गोऱ्या क्रिकेटपटूंना कसोटी खेळायची तर दुसऱ्या देशाचं दार ठोठवावं लागायचं. ट्रायकोसने ते ठोठावलं नाही.

नऊ दिवसांनी, १८ जूनला टनब्रिज वेल्स. हा सामना मराठी माणसाला सांगायला नको. भारत ५ बाद १७, आणि मग कपिलचे नाबाद १७५. चित्रफीत नाही म्हणून आपण सगळे तो सामना कल्पनेतच बघत आलोय. त्या कल्पनेत एक माणूस आणखी घाला. कपिल एका बाजूने तुडवत असताना ट्रायकोसच्या १२ षटकांत गेल्या फक्त ३७. वर रॉजर बिन्नीला पायचीत केलं, ज्याने कपिलबरोबर डाव सावरायला घेतला होता. आणि शेवटी, झिम्बाब्वेची दहावी विकेट पडून भारत ३१ धावांनी जिंकला, ती विकेट ट्रायकोसची. झेल आणि गोलंदाज, दोन्ही कपिल देव. धावा ३.

१९८७ चा विश्वचषक आपल्याकडे झाला तेव्हा ट्रायकोस झिम्बाब्वेचा कर्णधार होता, वय चाळीस. सहाच्या सहा सामने हरले. हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध डेव्ह हाउटनने १४२ कुटल्या आणि तरी तीन धावांनी हरले. १७ ऑक्टोबरला वानखेडेवर भारताविरुद्ध १३५ मध्ये गारद झाले, मनोज प्रभाकरने १९ धावांत चार घेतल्या. भारताने दोन विकेट गमावून काम उरकलं. एकतर्फी सामना, लक्षात ठेवण्यासारखं काही नाही. फक्त त्या दोन विकेट बघा: श्रीकांत झेलबाद, गावसकर यष्टिचीत. दोन्ही ट्रायकोसच्या.

गावसकर, वानखेडेवर, ऑफस्पिनरच्या बॉलवर, यष्टिचीत. धावा होत्या ४३, सामना हातात होता, लवकर संपवायचा असेल, सगळं मान्य. पण गावसकरसारख्या माणसाला तुम्ही क्रीजबाहेर ओढून चुकवलं असेल तर बॉलमध्ये काहीतरी होतं. काय होतं? ट्रायकोसबद्दल सगळे सांगतात की तो फार फ्लाइट देणारा नव्हता. सपाट, अचूक, एकाच टप्प्यावर. असा बॉलर बोअर वाटतो. पण सपाट टाकणाऱ्याच्या हातात एक शस्त्र असतं. तो आठ बॉल एका वेगाने टाकतो आणि नववा नखभर हळू टाकतो. हातात फरक दिसत नाही, हवेतल्या उंचीत दिसत नाही, आणि फलंदाज एक पाऊल आधी पोचतो. प्रसन्ना यांच्यासारखा उंच झुलवणारा बॉलर फलंदाजाला आमिष दाखवतो. सपाटवाला त्याला झोप आणतो. दोन्ही रीती खऱ्या आहेत. पहिली शिकवायला सुंदर, दुसरी शिकवायला कंटाळवाणी, आणि माझ्या अनुभवात दुसरीला जास्त संयम लागतो. गावसकरांच्या विकेटला नेमकं हेच घडलं असा माझा दावा नाही, पण अशा बॉलरला विकेट मिळतात त्या साधारण अशा.

१९९२ च्या विश्वचषकात ऑल्बरीला, १८ मार्चला, झिम्बाब्वेने १३४ धावा करून इंग्लंडला १२५ मध्ये गुंडाळलं. नायक एडो ब्रँडीस, कोंबड्या पाळणारा शेतकरी, २१ धावांत चार बळी, पहिल्याच बॉलवर गूच. त्रिफळा उडालेल्यांत शून्यावरचा ग्रॅम हिकही होता, आता इंग्लंडच्या टोपीत. आणि पुन्हा तोच शांत आकडा: ट्रायकोस, १० षटकं, ४ निर्धाव, १६ धावा, बळी शून्य. १३४ राखायचेत आणि दहा षटकांत सोळा! सत्तावीस एकदिवसीय सामन्यांत त्याला १९ बळी मिळाले, सरासरी ५१ च्या वर. नुसती सरासरी बघणारा निवडकर्ता अशा बॉलरला पहिल्या बैठकीतच वगळेल.

जुलै १९९२ मध्ये झिम्बाब्वेला कसोटीचा दर्जा मिळाला. १८ ऑक्टोबर १९९२, हरारे स्पोर्ट्स क्लब, पाहुणा संघ भारत. ट्रायकोसचं वय ४५ वर्षं १५४ दिवस. भारतीय संघात एक एकोणीस वर्षांचा मुलगा, जो ट्रायकोसच्या तिसऱ्या कसोटीच्या वेळी जन्मालाही आला नव्हता.

झिम्बाब्वेने आधी ४५६ केल्या. कर्णधार हाउटन १२१, देशाचं पहिलं कसोटी शतक. पदार्पणाच्या कसोटीत कोणत्याही देशाने एवढी धावसंख्या केली नव्हती. भारताला फॉलोऑन टाळायलाच २५७ हव्या होत्या. खेळपट्टी संथ. अशा खेळपट्टीवर फिरकी बॉलर लवकर हताश होतो. बॉल वळतो, पण इतका सावकाश की फलंदाज मागे जाऊन खेळून काढतो. मग बॉलर जोर लावायला जातो, टप्पा आखूड पडतो, कटचे चौकार बसतात. मी स्वतः पावसाळी मैदानांवर हे शेकडो वेळा केलं आहे आणि कर्णधाराच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

ट्रायकोसने काय केलं? ५० षटकं, १६ निर्धाव, ८६ धावा, ५ बळी. तीनशे बॉल. षटकाला पावणेदोनही नाहीत. पाचांतला एक सचिन तेंडुलकर, झेल आणि गोलंदाज ट्रायकोस, शून्य. संजय मांजरेकर एका बाजूने पाय रोवून उभा राहिला म्हणून भारत वाचला. त्याच्या शतकाला आठ तासांहून जास्त लागले, आणि त्याबद्दल त्याला पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण समोर पन्नास षटकं असं टाकणारा माणूस असेल तर मांजरेकरला दोष देणाऱ्यांनी एकदा पॅड बांधून बघावं. दुसऱ्या बाजूने कपिलने ६० काढल्या, भारत ३०७. सामना अनिर्णित. १८७७ च्या ऑस्ट्रेलियानंतर पदार्पणाची कसोटी न हरलेला हा पहिला देश.

पंचेचाळिसाव्या वर्षी पन्नास षटकं कशी टाकता येतात, असं मुलं विचारतात. खांद्यावर काम असतं, पण खरं काम पायांवर असतं. पुढचा पाय प्रत्येक वेळी तिथेच पडला पाहिजे. बॉल टाकून झाल्यावर शरीर त्या पायावरून पुढे निघून गेलं पाहिजे, अडून राहता कामा नये. अडलं की कंबर जाते. ट्रायकोसच्या बॉलिंगला पूर्णविराम लागलाच नव्हता, म्हणून सवय मोडली नव्हती. पाच वर्षं सोडून दिलेला माणूस चाळिशीत परत येऊन पन्नास षटकं टाकूच शकणार नाही. म्हणूनच वर म्हटलं, 'परत आला' म्हणू नका.

हरारेहून भारतीय संघ दक्षिण आफ्रिकेला गेला. तिथली पहिली कसोटी दरबानला. १९७० नंतर दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर झालेली ही पहिली कसोटी, आणि दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार केप्लर वेसल्स. ज्या शहरात ट्रायकोसने पदार्पण केलं तिथेच. तो मात्र तोवर झिम्बाब्वेकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळत होता.

शेवटची कसोटी दिल्लीत, मार्च १९९३. विनोद कांबळीची २२७ ची खेळी, भारत ७ बाद ५३६, एक डाव आणि १३ धावांनी विजय. कांबळी फॉर्मात असताना ऑफस्पिनर पंचवीस वर्षांचा असो की पंचेचाळीसचा, त्याला फरक पडत नव्हता. झिम्बाब्वेच्या पहिल्या चारही कसोटी ट्रायकोस खेळला आणि त्यांत १४ बळी घेतले. सगळे मिळून ७ कसोटी, १८ बळी, सरासरी ४२.७२.

मग चांगला होता का? महान नव्हता. प्रसन्ना किंवा लान्स गिब्ज यांच्या पंगतीत मी त्याला बसवणार नाही, आणि तोही बसला नसता. पण 'एक एंड बांधून दे' म्हणून बॉल कोणाच्या हातात द्यावा, असा प्रश्न असेल तर मी त्याचं नाव पहिल्या काही जणांत घेईन. आणि त्या आकड्यांत बाविसाव्या वर्षाच्या तीन कसोटी आहेत आणि पंचेचाळिशीच्या चार. ऑफस्पिनरची खरी वर्षं, अठ्ठावीस ते अडतीस, त्यात नाहीतच. आंब्याचा मोहोर मोजला, पडलेली पानं मोजली, आणि आंबे मोजायचे राहिले.

एक गंमत मात्र सांगतो. पहिल्या कसोटीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या कसोटीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजलं तर ट्रायकोसची कारकीर्द २३ वर्षं ४० दिवस. सचिनची २४ वर्षं १ दिवस. एकाच्या २०० कसोटी, दुसऱ्याच्या ७. एकदा ज्याने ज्याला शून्यावर काढलं, त्या दोघांची नावं प्रदीर्घ कारकिर्दींच्या यादीत अशी शेजारी शेजारी.

दिल्लीनंतर तीन एकदिवसीय सामने होते, शेवटचा २५ मार्चला आमच्या पुण्यात, नेहरू स्टेडियमवर. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना दोन आठवडेही झाले नव्हते, गेटवर पिशव्या उलट्या करून बघत होते. मी आणि क्लबातले आणखी तिघे सकाळपासून उन्हात बसलो होतो, सचिन आणि विनोदसाठी. झिम्बाब्वेचा संघ मैदानात उतरला तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, "ते काका कोण रे? मॅनेजर पण खेळतोय काय?" आम्ही चौघेही हसलो. चौघांतले दोघे ऑफस्पिनर होतो.

तो ट्रायकोसचा शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना होता.